लांब रोटीची घडी

बाई, तू गेल्यापासून घरात नुसता चहा होऊन राहिला आहे. येणाऱ्याला चहा, जाणाऱ्याला चहा, आणि जो तो एक कप माझ्याही पुढे धरतो. मी नको म्हणते. लोकांना वाटतं, दुःखाने घशाखाली उतरत नसेल बिचारीच्या. त्यांना काय सांगू? मी चहा दुःखात नाही सोडला, रागात सोडला. आणि जिच्या रागात सोडला ती आता हार घालून भिंतीवर बसली आहे, काही ऐकायला तयार नाही. तशी तू कधी होती म्हणा.

तुझा खर्रा आणि माझा चहा, हे आपलं भांडण माहीत नाही असं आपल्या कोंढा गावात एक घर नव्हतं. तू कमरेला तंबाखू-सुपारीची पन्नी खोचून चुलीजवळ बसायची, चिमूटभर गालात ठेवायची, आणि मग कुठे तुझा हात चालायचा. मी अंगणवाडीत बाया जमवून तंबाखूवर बोलायचे, सडलेल्या गालांची चित्रं दाखवायचे, आणि घरी आले की माझीच जाऊ मला हाताने 'बस' म्हणून खुणावायची, कारण तोंड भरलेलं. मी म्हटलं, बाई, मरशीन एक दिवस. तू बाहेर जाऊन थुंकून आली आणि म्हणाली, "तू चहा सोड, मी खर्रा सोडीन." त्या दिवसापासून मी चहाला हात लावला नाही. महिनाभराने तुझ्यापुढे उभी राहिले, म्हटलं, सोड आता. तर म्हणते कशी, आता साखर सोडून दाखव. हसून हसून तुला ठसका लागला. मलाही हसू आलं, हेच वाईट झालं. तुझ्यावर धड रागावताही यायचं नाही.

सांगितलं नाही असं कोणी माझ्या नावाने म्हणू शकत नाही. रडून सांगितलं, ओरडून सांगितलं, पन्न्या चुलीत घातल्या, तुझ्या पोरीच्या, प्रणालीच्या लग्नाची शपथ घातली. सगळं करून झालं. माणूस समोर बसून हळूहळू मरायच्या मार्गाला लागतो आणि आपण नुसतं बोलत राहतो. बोलण्याने काय होते?

मी या घरात आले तेव्हा तुला 'तुम्ही' म्हणायचे. थोरली जाऊ, अंगाने मोठी, आवाजाने त्याहून मोठी. पहिल्याच जयंतीला पूर्ण मोहल्ल्याच्या जेवणाची रोटी तुझ्याकडे होती आणि मला मदतीला दिलं. मी दर वाक्याला तुमी-तुमी करून राहिले होते, तर तू कणकेचे हात तसेच वर धरून म्हणाली, "तुमी-तुमी करत बसशीन तं रोटी जळून जाईन. तू म्हण." तेव्हापासून तू.

लांब रोटी काय असते ते तुझ्याकडे बघून कळलं मला. माझ्या माहेरी आंधळगावला ती विकत आणायचे. इथे बघितलं, की कणीक इतकी सैल की हातातून गळावी, तिला तास-तास आपटायची, मग एक गोळा उचलून या हातावरून त्या हातावर झुलवत झुलवत पार कोपरापर्यंत ताणायची, पलीकडचा माणूस दिसेल एवढी पातळ झाली की चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर टाकायची. डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर भाजून निघते. हे एकटीचं काम नाही. एक ताणणारी, एक जाळाजवळ बसून रोटी काढणारी आणि घडी घालणारी. तू ताणायची. मी घडी घालायची. इतकी वर्षं आपली जागा एकदाही बदलली नाही.

गावात तुझं नाव होतं. हिची रोटी फाटत नाही म्हणायचे. पवनीपासून लोक बोलवायला यायचे, बारसं असो, जयंती असो, कोणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन असो. तू मानेला झटका देऊन सांगायची की आपल्या हातची आजवर फाटली नाही. मी जाळ पुढे सारत ऐकून घ्यायचे.

फाटायची, बाई. सगळ्यांच्या फाटतात तशी तुझीही फाटायची. पहिल्याच जयंतीला एक फाटली होती, चांगलं तळहाताएवढं भोक. तुझी नजर तेव्हा पुढच्या गोळ्यावर होती. मी नवी सून, मला काय करायचं ते समजलं नाही, कोणी ओरडू नये म्हणून मी फाटलेली बाजू आत घेतली, वरून घडी घातली, आणि टोपलीत ठेवून दिली. घडी घातलेल्या रोटीत भोक दिसत नाही. पानात पडली की लोक तोडूनच खातात, कोण उलगडून पाहतो? त्यानंतर ती माझी सवयच झाली. तू ताणायची, फाटली तर मी आत घ्यायची. तू कधी मागे वळून पाहिलं नाही आणि मी कधी बोलले नाही.

एकदाच बोलणार होते. आपलं ते विहिरीवरचं भांडण. तू म्हणाली होती, अंगणवाडीतली पोट्टी सांभाळायले काय लागते, रोटी करून दाखव. मला असा राग आला की मी म्हटलं, "माहीत आहे तुझी रोटी." तू कमरेवर हात ठेवून जवळ आली. काय माहीत आहे माझ्या रोटीचं? सगळ्या बाया बघत होत्या. माझ्या तोंडात शब्द आला होता. मी म्हटलं, लांब असते. बाया फिदीफिदी हसल्या. तूही हसली, पण माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. त्या बघण्याचा अर्थ मी तेव्हा लावला नाही.

मग तो मेळा आला. पवनीकडच्या विहारात दर हिवाळ्यात मेळा भरतो, जपानचे पाहुणे येतात, हे काही आपल्याला नवीन नव्हतं. त्या वर्षी पाहुण्यांत ओकिनावाची मंडळी होती, आणि त्यांनी खाण्याचं एक दुकानही मांडलं होतं. जपानचं खाणं आलं म्हणून लोकांची ही लाइन. तू मला ओढत नेलं, लोकांना कोपर मारत पुढे घुसली, आणि पाहते तं काय? कढईत गुलगुले. बाजूच्या ताटात काळ्या गुळाचे खडे. आणि पलीकडे कारल्याची भाजी. आपल्या मागचा एक म्हातारा तर चिडलाच, म्हणे कारलंच खायचं होतं तं घरी काय वाईट होतं.

नागपूरची एक मुलगी दुभाषी म्हणून सोबत होती, कांचन. तिने सांगितलं की ओकिनावा म्हणजे जपानच्या पार खालच्या टोकाची बेटं, तिथली जुनी बोली राजधानीवाल्यांना कळत नाही. तू लगेच म्हणाली, "म्हंजे आपल्यावानीच. आपलं बोलणं तरी पुण्यामुंबईवाल्याले कुठी समजते?" कांचनने ते कढईजवळच्या म्हातारीला सांगितलं. हिगाबाई तिचं नाव. ती इतकी हसली की झारा खाली ठेवावा लागला. मग तिने एक गुलगुला तुझ्या हातावर ठेवला. तळताना तो एका बाजूने उकलतो, त्याला त्यांच्यात म्हणतात की हसला. जितका हसरा तितका चांगला.

तू तो तोंडाशी नेला. तोंड उघडलं. तो गेला नाही. तू पुन्हा प्रयत्न केला, मग त्याचे तुकडे करून एकेक आत सारला आणि म्हणाली, मोठा आहे. लिंबाएवढा होता, बाई. अंगणवाडीत मी ज्या चित्रांवर काठी ठेवून सांगायचे त्यात तेच लिहिलेलं होतं, की तोंडात तीन बोटं उभी जात नसतील तर समजायचं, रोगाने धरलं. मी तिथल्या तिथे म्हटलं, बाई, बोटं घालून दाखव. तू म्हणाली, लोकांसमोर काय तमाशा लावला, आणि हिगाबाईला हाताला धरून मेळ्याच्या जेवणासाठी लावलेल्या आपल्या चुलीवर घेऊन गेली.

तिथे तू तिला रोटी करून दाखवली. तुझे हात वर गेले, रोटी कोपरावरून खाली उतरली, आणि ती म्हातारी टाळ्या वाजवायच्या ऐवजी आपले दोन्ही हात डोक्यावर नेऊन मनगटं फिरवत नाचायलाच लागली. त्यांच्याकडे उत्सव संपताना सगळे असे हात वर करून नाचतात म्हणे. तू कणकेच्या हातांनीच तिच्यासोबत नाचली. जाताना ती सांगून गेली की आमच्या गावच्या उत्सवात बाहेरच्यांची दुकानं असतात, तुम्ही दोघी या. आपल्याला वाटलं, बोलायचं म्हणून बोलली. पण उन्हाळ्यात विहाराकडे निरोप आला. खरंच बोलावलं होतं.

तुझ्या पासपोर्टची कशी गंमत झाली. तुझं माहेर अर्जुनीकडचं. तू जन्मली तेव्हा ते भंडाऱ्यात, आता गोंदियात. ऑफिसातला माणूस विचारे, जन्म नक्की कोणत्या जिल्ह्यातला? तू त्याला म्हणाली, मी एकाच जागी जन्मली, जिल्हा सरकून गेला त्याले मी काय करू. तो माणूस हसला आणि काम झालं. पुस्तक हातात आलं त्या दिवशी तू गल्लीत सगळ्यांना तुझा फोटो दाखवत फिरली. त्या फोटोत तुझा उजवा गाल थोडा फुगलेला आहे. आम्हाला वाटलं, खर्रा ठेवलेला असेल.

नव्हता.

नागपूरचा तो दवाखाना, त्याचं मी काही लिहीत नाही. तुला माहीत आहे. मी प्रत्येक डॉक्टरला विचारायचे आणि प्रत्येक डॉक्टर माझ्याकडे बघायच्या ऐवजी एक्स-रेच्या काचेकडे बघायचा. थोरले भाऊजी बाहेर बाकावर बसून राहायचे. माझे मालक वरठीहून कारखान्याची पाळी संपवून तसेच यायचे, अंगावर लोखंडाची धूळ. आम्ही चौघं-पाच जण मिळून तुझं एक तोंड उघडू शकत नव्हतो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू मला जवळ बोलावलं. तोंड तेव्हा एक बोटभरही उघडत नव्हतं, दातांमधून बोलायची.

"तू जाय वो तिकडं," तू म्हणाली.

मी म्हटलं, वेडी झाली का, तुला टाकून कुठे जाऊ?

"जाय. अन मडकं आपलंच ने. त्याईचं तिकडचं कसं असन, काय माहीत."

मी खूप वाद घातला. म्हटलं, मला ताणता येत नाही, मी जाळाजवळची बाई. जाऊन काय दाखवू? तू डोळे मिटून घेतले. तुझ्या तोंडून मी ऐकलेलं शेवटचं वाक्य मडक्याचं आहे, बाई. लोक शेवटी काय काय सांगून जातात, आणि तू मडकं.

ऑपरेशननंतर तुझा आवाज गेला, नाकातून नळी आली. आम्हाला वाटलं, आता हळूहळू बरं होईल. डॉक्टरही तसंच म्हणाले. उत्सवाची वेळ आली तेव्हा मी विहारात जाऊन सांगून आले, जात नाही. घरी आले तर तू पलंगावर बसून माझी बॅग गुडघ्यांवर घेतली होती आणि मडक्याभोवती गोधडी गुंडाळत होती. प्रणाली म्हणाली, काकू, जा, नाही तर आई नळी काढून फेकून देईल. म्हणून गेले. विहाराची मंडळी आणि कांचन यांच्यासोबत, मडकं मांडीवर घेऊन. विमानातल्या पोरीने तीनदा विचारलं की वर ठेवू का. मी कोणाला हात लावू दिला नाही.

आता तुला सगळं सांगते. परत आल्यावर सांगितलं होतं, पण तेव्हा तुला औषधाची गुंगी होती, किती पोचलं काय माहीत.

समुद्राला लागून मैदान. आपल्याकडच्या मंडईच्या जत्रेसारखीच गर्दी, फक्त धूळ नाही. एका बाजूने खाण्याची दुकानं. मोठ्या कढईत उसाचा रस आटवून काळी साखर काढत होते. त्यांना म्हटलं, हा आमचा गूळ, तर त्यांनी खडा दिला, आणि खरंच गूळ, थोडा खारट. कारलं होतं, अंड्यात आणि डुकराच्या मटणात परतलेलं. जांभळं रताळं होतं. समुद्रातली एक भाजी होती, हिरव्या मण्यांचे घोसच घोस, तोंडात घातले की फटफट फुटतात. ते खाताना तुझी इतकी आठवण आली की मी पान खाली ठेवलं. घशातून जाणारी प्रत्येक गोष्ट मला चोरीची वाटत होती.

दुसऱ्या बाजूने कारागीर. फुटक्या बाटल्या वितळवून पेले करणारा एक जण. मातीचे सिंह, जोडीजोडीने, घराच्या कौलावर ठेवायचे. आणि एक बाई केळीच्या सोपाचे धागे काढून, गाठी मारून कापड विणत होती. मी आंधळगावचं कोशाच्या रेशमाचं लुगडं नेसले होते. तिने माझा पदर हातात घेतला, मी तिचं कापड हातात घेतलं, आणि आम्ही दोघी एकमेकींचं सूत चाचपत उभ्या राहिलो, बोलायला भाषा नाही. माझे बाबा आयुष्यभर कोशाच्या मागावर बसले. ते असते तर तिच्या शेजारी तिथेच मांडी घालून बसले असते.

दुपारी दोर ओढायचा खेळ झाला. तणसाचा दोर, बाई. धानाच्या तणसाचा. दोन माणसांनी मिठी मारली तरी मावायचा नाही एवढा जाड, आणि पूर्ण गाव दोन बाजूंना लागून ओढत होतं. संपल्यावर लोक त्याचे तुकडे तोडून घरी नेतात, वर्षभर घरात आजार येत नाही म्हणतात. मी पण धक्काबुक्की करून पेंडीभर तोडला. घरी आल्यावर भाऊजींनी बॅगेतून तो काढला आणि बघतच राहिले. म्हणाले, भंडाऱ्यात तणसाची कमी पडली काय वो? तेव्हा तू नाकातून हसली होती, आठवते? किती दिवसांनी.

पण मी रोटीचं सांगत होते.

आपलं दुकान दुसऱ्या दिवशी सकाळी लागलं. तुमच्याकडे तेव्हा पहाट उलटून थोडं उजाडलं होतं. मडकं न तडकता पोचलं होतं, ते गॅसच्या शेगडीवर पालथं घातलं. कणीक मी स्वतः आपटली, हात भरून येईपर्यंत. जाळाजवळ, म्हणजे शेगडीजवळ, माझ्या जागेवर कांचनला उभं केलं. एका हातात तिच्या उलथणं, दुसऱ्या हातात फोन. फोनमध्ये तू. प्रणालीने पाठीला उशा लावून तुला बसवलं होतं, उजव्या गालावर पट्टी, आणि तुझे डोळे असे माझ्या हातांवर रोखलेले की मला सासूपुढे स्वयंपाक करायची वेळ आठवली.

समोर माणसं जमली होती. हिगाबाई तर सगळ्यांत पुढे स्टूल घेऊन बसली. पहिला गोळा उचलला, दोन झोके दिले आणि तो माझ्या हातावरून खाली मातीतच पडला. लोक भले, त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी रोटी कोपरापर्यंत आली आणि मधोमध फाटली. तिसरी मडक्यावर पडली खरी, पण अर्धी, आणि तिला एवढं भोक की त्यातून मडकं दिसत होतं. एवढ्या लांबून आले, तुझं नाव घेऊन आले, कांचनने माइकवर सांगून टाकलं होतं की हिच्या जावेची रोटी कधी फाटत नाही. मला वाटलं, मडकं उचलावं आणि समुद्रात जाऊन बसावं.

फोनमधून ठकठक आवाज आला. तू पलंगाच्या लाकडावर बोटं वाजवत होती. मी वर बघितलं. तू दोन्ही तळहात समोर धरले. मग एक तळहात दुसऱ्यावर पालथा घातला. दाबला. पुन्हा उघडले, पुन्हा एक दुसऱ्यावर. प्रणालीचा आवाज आला, आई काय म्हणून राहिली काकू, कपड्याच्या घड्या कर म्हणते का? तू तिच्याकडे बघितलंही नाही. माझ्याकडे बघत तिसऱ्यांदा तेच केलं. आणि शेवटी एक बोट आतल्या बाजूला दाखवलं.

फाटलेली बाजू आत घे. घडी घाल.

मी तिथे इतक्या लोकांसमोर हात लटकवून उभी राहिले. तुला माहीत होतं. पहिल्या जयंतीपासून माहीत होतं की मधेच कधी, मला कळलं नाही. रोटी मडक्यावर टाकली की तुझी पाठ माझ्याकडे व्हायची म्हणून मी समजत होते की तुला दिसत नाही. मानेला झटका देऊन आपल्या हातची फाटत नाही म्हणायची तेव्हा तुला माहीत होतं की मागे कोण बसलं आहे. विहिरीवर तू माझ्याकडे जास्त वेळ बघत राहिली, तेव्हाही. आणि मी 'लांब असते' म्हटलं म्हणून सर्वांत मोठ्याने तूच हसली होती.

मी कांचनला बाजूला केलं आणि रोटी मडक्यावरून काढली. भोक आत घेतलं, चौघडी घातली, ताटात ठेवली. हिगाबाईने तिच्यावर काळ्या साखरेचा चुरा टाकला आणि खाल्ली, आणि हात वर करून मनगटं फिरवायला लागली. मग मी करत गेले. ताणणारीही मीच, झाकणारीही मीच. किती फाटल्या ते मला आणि तुलाच माहीत. शेवटी सगळं मैदान हात वर करून नाचत होतं, त्यात मीही हात वर केले, पण तोपर्यंत फोन बंद झाला होता. तुझ्या पट्टीची वेळ झाली असेल.

मी येईपर्यंत गालाचं परत सुरू झालं होतं. डॉक्टरांनी फाइल बंद करून भाऊजींच्या हातात दिली आणि घरी घेऊन जा म्हणाले. मी काळी साखर आणली होती, तुझ्यासाठी म्हणून दोन पुडे. प्रणालीने ती पाण्यात विरघळवून नळीतून दिली. तू हात हलवून सांगितलं, काही समजत नाही. चव नळीतून कशी येणार? मग मी बोटावर थोडी घेऊन तुझ्या ओठांना लावली. तू ओठ एकमेकांवर दाबून बराच वेळ बसली. गूळच आहे, असं मानेने सांगितलं. जगाच्या टोकाला जाऊन मी तुझ्यासाठी गूळ आणला, आणि तो सुद्धा तुला धड चारता आला नाही.

तुला विचारायचं होतं, बाई. कधीपासून माहीत होतं? आणि माहीत होतं तर एकदा तरी का बोलली नाही? दुपारी सगळे शेतावर असायचे, प्रणाली डोळा लागून पडलेली असायची, आपण दोघीच असायचो. मी तुझ्या धुतलेल्या पट्ट्यांच्या घड्या घालत बसायचे आणि तू माझे हात बघत पडलेली असायची. कितीदा तोंड उघडलं मी. आणि तुझ्याकडे बघून मिटलं. जिला उत्तर देता येणार नाही तिला प्रश्न काय विचारायचा? आणि माझंही काय सांगायचं राहिलं ते सांगते. तुझं नाव झाकून ठेवताना मला कधी ओझं वाटलं नाही. उलट या घरात मला तेवढी एकच जागा पक्की माझी वाटायची, तुझ्या पाठीमागची, जाळाजवळची. हे एवढंच सांगायचं होतं. तेवढंही जमलं नाही.

तू सकाळी गेली. धानाच्या कापणीची घाई, निम्मं गाव वावरात, तरी बातमी कळताच बाया धावत आल्या. तुला आंघोळ घालायची होती. पट्टी काढली तेव्हा आत आलेल्या बायांनी तोंडं फिरवली, एक तर बाहेरच जाऊन बसली. मी त्यांना नाव ठेवत नाही. गालाला भोक होतं, दात दिसत होते. प्रणाली उंबऱ्यातच थांबली, मला म्हणाली, "काकू, लोक येतीन आता. आईले असं पायतीन." तिला पुढे बोलता येईना. पवनीचे लोक निघाले होते, ज्यांच्या घरच्या जेवणात तू रोट्या केल्या ते सगळे येणार होते. तू आरशात बघितल्याशिवाय विहारातही न जाणारी बाई. आणि पट्टी बांधली असती तर सगळ्यांनी पट्टीच बघितली असती, माझ्या हातात दुसरं काही नव्हतं. पांढरं लुगडं तेवढं होतं.

मी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. तुला नेसवलं. पदर डोक्यावरून उजव्या बाजूने खाली आणला, गालावर घेतला, हनुवटीखालून दुमडला, आणि दुसरी घडी वरून घालून तळहाताने दाबली. तू दाखवलं होतं तसं. मग दार उघडलं.

लोक येत गेले, हात जोडत गेले. वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या. तुझी डावी बाजू तेवढी दिसत होती, आणि ती पहिल्यासारखीच होती, नाकावर तोच तोरा. पवनीची एक म्हातारी कितीतरी वेळ बघत उभी राहिली आणि मला म्हणाली, "चेहऱ्यावर तं काईच झालं नाई वो बाईच्या."

मी मान हलवली. फाटलेली बाजू आत घेतली होती, बाई. कोणाला दिसली नाही.